एक उतरला की सगळ्यांनी उतरायचं

१२ जानेवारी

मेव्हणीबाई,

पाकिटावरचं अक्षर पाहून पत्र केराच्या टोपलीत गेलं नसेल, तर तू हे वाचते आहेस असं धरून चालतो. तीन वर्षांत तू घर बदललंस, फोन नंबर बदललास, पण दात बनवायची प्रयोगशाळा बदलली नाहीस, म्हणून तिथल्या पत्त्यावर लिहितोय. लोकांच्या तोंडात बत्तिशी बसवणारी माझी मेव्हणी स्वतः मात्र हसत नाही, असं कानावर आलंय. खरं का?

पत्र लिहायचं कारण, फोनवर बोलायची चोरी. तुझी ताई दिवसभर आसपास असते. तुझं नाव निघालं की ती उठून भांडी आवरायला लागते, आणि मग बिचाऱ्या भांड्यांची काही खैर नसते.

तर काम असं आहे. मार्च अखेरीस आपला एक मोठा कार्यक्रम ठरलाय. खरं सभागृह, खऱ्या खुर्च्या, आणि तिथल्या तिथे ध्वनिमुद्रण होऊन त्याची रेकॉर्ड निघणार. इतकी वर्षं आपण लग्नाच्या हॉलात आणि वाचनालयांच्या गच्चीवर गात आलो; आता कुठे कुणीतरी विचारलंय. पण त्यांची अट आहे की जुनी गाणी हवीत आणि जुन्यासारखीच हवीत, म्हणजे तीन गळ्यांची. ताईचा मधला सूर, तुझा वरचा आणि तळघरातला माझा. तू गेल्यापासून आम्ही दोघंच गातोय, आणि खरं सांगू का, ते तीन पायांच्या स्टुलाचा एक पाय काढून त्यावर बसण्यासारखं आहे.

पाइप तेच आहेत, मी कापलेले सांडपाण्याचे, आणि ते बडवायला रबरी चपलाही त्याच. लोक अजून आपल्याला ‘चपलावाले’च म्हणतात. तुझी वाजवायची करवत भिंतीवर टांगलेली आहे. तिला मी तेल लावतो, पण तिच्यावर गज कोण फिरवणार?

आणि तुझ्या ताईचा नियमही तोच आहे, एक उतरला की सगळ्यांनी उतरायचं. ज्याचा सूर घसरला त्याला एकटं सोडायचं नाही, बाकीच्यांनी त्याच्यासोबत घसरायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं गाणंच तसं आहे. त्याच नियमावर आपण नाव काढलं. तेव्हा झालं गेलं विसर आणि ये.

तुझाच पाइपवाला भावोजी


२६ जानेवारी

भावोजी,

पत्र टोपलीत टाकलं होतं. दुपारी काढलं, म्हणून त्यावर प्लास्टरचे डाग आहेत असं समजा.

मी येणार नाही. तुम्ही झालं गेलं विसर म्हणता, तर काय झालं ते एकदा आठवून बघा. शेवटच्या वर्षभरात असा एक कार्यक्रम झाला नाही की ज्यानंतर ताई मला म्हणाली नाही, ‘तू चढतेस.’ आधी घरी म्हणायची, मग गाडीत, आणि शेवटच्या वेळी रंगपटात, ध्वनिव्यवस्थेवाल्या माणसासमोर आणि भेटायला आलेल्या लोकांसमोर. ‘हिचा कान गेलाय, हिला कुणीतरी सांगा.’ तुम्ही चपला पिशवीत भरत होता. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही वर पाहिलं नाहीत.

मी तिच्यामागे जायचा प्रयत्न करत नव्हते असं नाही. पण मागे पाइप वाजत असायचे, आणि पाइप एक सांगायचे, ती दुसरंच गायची. मी पाइपांबरोबर राहिले. मग मला वाटायला लागलं की मला पाइपही नीट ऐकू येत नाहीत. इथे आल्यापासून मी गुणगुणलेही नाही. शेजारच्या टेबलावरची बाई दिवसभर रेडिओबरोबर बेसूर गाते, आणि मला तिचा इतका हेवा वाटतो की विचारू नका.

आता मी मेणात दाढा कोरते. दाढ चुकली तर ती चावताना लागते आणि परत येते. त्यात वाद नसतो.

ताईला मी पत्र लिहिल्याचं सांगू नका.

धाकटी


२ फेब्रुवारी

मेव्हणीबाई,

रागाने का होईना, दोन पानं लिहिलीस, म्हणजे आशेला जागा आहे. मी वर पाहिलं नाही हे खरं आहे. त्याबद्दल तू माझे कान धर, पण समोर येऊन धर.

इकडची खबर हवी असेल तर सांगतो. तुझ्या ताईने घरातल्या केटलीशी वैर धरलंय. शिट्टीच वाजत नाही म्हणते. मी शिट्टी बदलली, तरी वाजत नाही म्हणते. दोनदा पाणी आटून केटली लाल झाली, मग मी नवीच आणली, तर म्हणाली, हल्लीच्या वस्तूंना जीवच नसतो. फोनही तसाच, पलीकडचं माणूस तोंडात बोळा घालून बोलतं म्हणून ती घेतच नाही. रंगमंचावर आता ती उजव्या कडेला उभी राहते आणि मला डावीकडे घेते. बायको एवढ्या वर्षांनी जवळ उभं करून घेते म्हटल्यावर मी तक्रार कशाला करू?

तालमी रोज चालू आहेत. आवाज अजून तसाच आहे तिचा, सायीसारखा. फक्त पाइपांना मी थोड्या बाह्या चढवल्यात, म्हणजे टोकाला बोटभर लांबीचे तुकडे जोडलेत. थंडीने पाइपांचा सूर हलतो ना, म्हणून. काळजीचं काही नाही.

तू ये. तुला काही सिद्ध करायचं नाही, नुसतं उभं राहून गायचंय. आणि माझ्या एकट्याच्या अंगावर हे सगळं आता पेलत नाही, एवढं वाच आणि पुढे काही विचारू नकोस.

भावोजी


९ फेब्रुवारी

भावोजी,

तुम्ही खोटं बोलायला शिकला नाहीत ते बरं आहे.

पाइप लांब केला की सूर उतरतो. थंडीतही पाइपांचा सूर उतरतो. हे मला तुम्हीच शिकवलंत, त्या पहिल्या हिवाळ्यात, गॅरेजमध्ये, पाइपांत तोंडाने ऊब फुंकायला लावून. मग आधीच उतरलेल्या पाइपांना आणखी उतरवायला बाह्या कशाला? उन्हाळ्यात काढणार आहात का त्या? की उन्हाळ्यात आणखी बोटभर लावणार?

तुमचं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच बंद केला. शिट्टी वाजते आहे, भावोजी. फोनही चांगला आहे. आणि ती तुम्हाला डावीकडे घेते, कारण तिच्या डाव्या कानाला अजून थोडं ऐकू येतं.

पाइप उतरवताय, कारण ती उतरते. मागचे सगळे कार्यक्रम तुम्ही तिच्या मापाने पाइप शिवत आलात.

म्हणजे मी चढत नव्हते.

तीन वर्षं मी तोंड मिटून काढली. माझा कान गेला असं मी स्वतःला सांगितलं, लोकांना सांगितलं, आणि एका चांगल्या माणसाने लग्नाचं विचारताना ‘तू गायचीस ना’ म्हटलं तेव्हा त्यालाही खोटं सांगून वाटेला लावलं. आणि तुम्हाला माहीत होतं.

तुम्ही मला पत्र लिहिलंत ते तिच्या कानावर जाऊ नये म्हणून. फोन केला असतात तरी गेलं नसतं.

तिला आधी डॉक्टरकडे न्या. मग माझ्याशी बोला.


२० फेब्रुवारी

मेव्हणीबाई,

आज चेष्टा सुचत नाही.

तू म्हणतेस ते सगळं बरोबर आहे, एक सोडून. तू होतीस तेव्हा मला नक्की ठाऊक नव्हतं. मलाही वाटायचं की आपल्या तिघांतलंच कुणीतरी हलतंय, आणि कोण ते शोधायची मला भीती वाटायची. तू गेल्यावर गळे दोनच उरले, तेव्हा शोधायला काही उरलं नाही. त्या दिवशी मी गॅरेजमध्ये गेलो, पहिल्या पाइपला बाही चढवली आणि तुला कळवलं नाही. तुला कळवायचं म्हणजे तिलाही सांगायचं, आणि ते माझ्याने होईना.

तिचा स्वभाव तू जाणतेस. सदऱ्याचा एक टाका उसवला तर ती अख्खा सदरा फाडून पायपुसणं करते. सांगितलं असतं तर तिने त्याच दिवशी गाणं टाकलं असतं. मला मूल नाही, शिक्षण नाही, लोकांची तुंबलेली मोरी मोकळी करून आलेल्या माणसाच्या घरात संध्याकाळी ती गाते, एवढंच माझ्याकडे आहे. मला वाटायचं, हा कार्यक्रम होऊ दे, मग सांगू. मग पुढचा यायचा. तिचा नियम तिच्यासाठी मी पाळतोय, यात पाप काय, असंही वाटायचं.

डॉक्टरचं मी एकदा काढलं. म्हटलं, आपण दोघं कान तपासून घेऊ, वय झालं. तर म्हणाली, तुमचे तपासा, तुम्हाला मी दहादा हाक मारते.

कार्यक्रम झाला की दुसऱ्याच दिवशी नेतो. रेकॉर्ड एकदा निघू दे. तिचा आवाज कुठेतरी राहू दे. एवढं मागतो.

भावोजी


१ मार्च

भावोजी,

येते. तालमीला नाही, थेट कार्यक्रमाला.

पण मी उतरणार नाही. पाइपांच्या बाह्या काढा. मी तिच्या डाव्या हाताला उभी राहीन आणि खऱ्या सुरात गाईन, आणि तो सोडणार नाही. इथे प्रयोगशाळेतल्या औषधांच्या खोलीत दार लावून रोज गाते आहे, मोबाइलवर सूर मोजून. माझा कान शाबूत आहे. तिला ऐकू आलं तर ती माझ्या सुरावर येईल. नाही आलं, तर निदान तिला कळेल. मीही उतरले तर आपण दोघं तिला घसरगुंडीवर बसवून दोन्ही बाजूंनी हात धरून खाली नेऊ, आणि तिला वाटेल की ती सपाट जमिनीवर चालते आहे.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही.

धाकटी


१७ एप्रिल

मेव्हणीबाई,

तू त्या रात्रीच्याच गाडीने निघून गेलीस, त्यामुळे पुढचं तुला ठाऊक नाही. तुला दोष द्यायला बसलो होतो, चार कागद फाडले. आता नुसतं सांगतो.

बाह्या मी काढल्या नव्हत्या. तू आल्यावर विचारलंस तेव्हा मी हो म्हणून मान हलवली, पण काढल्या नव्हत्या. तिला एकटीला उघडं पाडायचं धैर्य झालं नाही. पहिल्या दोन गाण्यांत तू वर आणि आम्ही दोघं खाली, असे आपण एकमेकांना कापत होतो, आणि लोक माना वळवून बघायला लागले होते. तिसऱ्यात ती माझ्यापासून आणि पाइपांपासून सुटली. शेवटच्या कडव्यात सभागृहात कुजबुज झाली, मागे कुणीतरी हसलं. मग ती शब्दाच्या मध्येच थांबली. मी आणखी दोन चपला मारल्या आणि मीही थांबलो. ती आत गेली ती थेट गाडीत जाऊन बसली. ध्वनिमुद्रणवाल्यांनी नंतर सभ्यपणे कळवलं की रेकॉर्ड निघणार नाही.

डॉक्टरकडे गेलो. काचेची खोली असते, आत तुझ्या ताईला बसवलं, कानावर यंत्र आणि हातात बटण, ऐकू आलं की दाबायचं. बाहेरच्या पडद्यावर मला आवाज सोडल्याचे दिवे दिसत होते. एकामागून एक दिवे लागत होते, आणि ती बटणावर अंगठा धरून, शहाण्या मुलीसारखी ताठ बसून वाट बघत होती.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून? तुझी ताई म्हणाली, या कार्यक्रमापासून. मी म्हणालो, तीन-चार वर्षं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, कानातलं हाड आवळत गेलंय, हे सुरुवातीला शस्त्रक्रियेने सुधारतं. आता आतली शिरही गेली. उजवा संपला, डावा वर्षभरात जाईल. इतके दिवस घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही का?

तुझ्या ताईने ते माझ्या तोंडाकडे बघून वाचलं असावं. गाडीत बसल्यावर तिने एवढंच विचारलं, ‘तुम्हाला माहीत होतं?’ मी हो म्हणून मान हलवली. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. मी तुझी पत्रं तिच्यापुढे ठेवली, आणि गॅरेजमधले पाइप कापून टाकले.

भावोजी


१० मे

ठमे,

तुझी पत्रं वाचली. ह्यांची तुझ्याकडे असतील, ती नकोत.

मी रागावून लिहीत नाही. राग केव्हाच वापरून झाला. घरात आता कसलाच आवाज नाही, आणि मला सगळ्यात चीड कशाची येत असेल तर आवाज नसतानाही हे चवड्यांवर चालतात त्याची. ह्यांच्याशी काय बोलू मी? ज्या माणसाने तीन वर्षं मला बरं वाटावं म्हणून बहिरं होऊ दिलं, त्याला शिवी कुठली द्यायची? शेजारणी म्हणतात, किती जीव लावतात तुम्हाला.

नियम मीच केला होता. तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि मला वाटायचं, यापेक्षा चांगली माणुसकी जगात नसेल.

तुझी माफी मागायला हवी. रंगपटात जे बोलले ते लोकांसमोर बोलले, तर माफीही लोकांसमोर मागायला हवी होती. पण आता लोक गोळा कुठून करू? इथेच मागते. तुझा कान चांगला होता. गेला होता माझा.

आणि एका गोष्टीसाठी तुझे उपकार मानते. त्या कार्यक्रमात तू म्हटल्याप्रमाणे वागलीस. तिसऱ्या गाण्यात मला डावीकडून तुझा सूर लागला, किती महिन्यांनी मला काहीतरी स्वच्छ ऐकू आलं, आणि मी तो घट्ट धरला. शेवटच्या कडव्यापर्यंत मला वाटत होतं की मी तिथेच आहे. मग तू माझ्यापासून सुटलीस, तुझा आवाज खाली आणि लांब गेला, तेव्हा मला कळलं की मी भलतीकडेच जाऊन उभी आहे. तू माझ्यामागे आली नाहीस. एवढ्या वर्षांत मला खरं सांगणारी तू एकटी निघालीस. म्हणून मी थांबले. ते बरं झालं, आणखी हसू करून घेतलं नाही.

आता एक विचारते. ह्यांना विचारलं तर हे म्हणतील, फार सुंदर झालं. तू सांग. शेवटी मी कशी गात होते? जे असेल ते लिही. डावा कान जायच्या आत मला शेवटचं गाणं मनात नीट लावून ठेवायचंय.

फोन करू नकोस. अर्थ नाही.

ताई


३ जून

ताई,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. रोज उत्तर लिहिते आणि रोज फाडते. दोन उत्तरं तयार होती. एकात लिहिलं होतं की फार सुंदर झालं, दुसऱ्यात लिहिलं होतं की तू म्हणतेस तसंच, तू चुकलीस आणि थांबलीस ते बरं केलंस. त्यातलं कुठलंही पाठवलं असतं तरी तू विश्वास ठेवला असतास. पण तू जे असेल ते विचारलंस, आणि तुला आजवर जे मिळालं तेच मीही दिलं, तर माझ्यात आणि भावोजींच्यात काय फरक उरला?

पहिली दोन गाणी तू उतरलेली होतीस. बरीच.

तिसऱ्यात तू वर आलीस. मी ते बाजूला उभी राहून ऐकलं. तुझा आवाज माझ्या आवाजाखाली येऊन बसला, आणि काही ओळी आपल्या दोघींत फटच उरली नाही, आपण लहानपणी एका पांघरुणात गायचो तसं. तो खरा सूर होता. औषधांच्या खोलीत महिनाभर मोजलेला माझा सूर होता तो, मला त्यात चूक होणार नाही. खाली होते ते पाइप. बाह्या चढवलेले, तुझ्या उतरलेल्या सुरासाठी लांब केलेले पाइप, आणि त्यांच्याबरोबर भावोजी. पण पाइप मोठ्याने वाजतात, ताई. लोकांना पाइपच खरे वाटले आणि आपण दोघी बेसूर.

मग ते मागचं हसू आलं. मी तुला वचन दिलं नव्हतं, पण स्वतःला दिलं होतं की सूर सोडणार नाही. ते हसू ऐकलं आणि मला रंगपट आठवला, ‘तू चढतेस’ आठवलं, आणि माझा गळा आपणहून खाली गेला. मी पाइपांकडे पळाले. तुझ्यामागे आले नाही हे खरं आहे, पण तू चुकली होतीस म्हणून नाही. मी भ्याले म्हणून.

तू जिथे थांबलीस, तिथे त्या सबंध सभागृहात तू एकटी बरोबर होतीस.

माझे उपकार मानू नकोस. मनात लावून ठेवायला गाणं हवं असेल तर ते शेवटचं कडवं ठेव, मी खाली जायच्या आधीचं. तुझ्या त्या आवाजात काहीही कमी नव्हतं. तू थांबायला नको होतंस, ताई, आणि तुला थांबवलं मी.

ठमी